ताकदीचं इंजेक्शन

बाबासोंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या जिन्यात, पाठीवर फ्रीज घेऊन चढताना. शिरवण्याच्या आमच्या घरावर वडिलांनी दोन मजले चढवले होते आणि वरच्या मजल्यावर हे नवरा-बायको भाड्याने राहायला आले होते. फ्रीज त्यांचा नव्हताच. समोरच्या खोलीतल्या बाईंचा फ्रीज टेम्पोवाला खालीच टाकून गेला होता, तो यांना दिसला. स्वतःची बोचकी भिंतीला लावून त्यांनी आधी तो वर नेला, खाली आले, घाम पुसला आणि माझ्या वडिलांना म्हणाले की जिना जरा अरुंद बांधलाय तुमी. वडिलांना ते लागलं. मला मात्र हा माणूस त्याच दिवशी आवडला.

पाटणकडचं माणूस. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. टोळीत त्यांचं नाव होतं. बाकीचे एक गोणी पाठीवर घ्यायचे तिथे हे दोन घ्यायचे, असं त्यांच्याच टोळीतले धनाजी सांगायचे. मी काही मोजायला गेले नाही, पण फ्रीज पाहिला होता, त्यामुळे विश्वास बसला. बायको शकुबाई. नेरूळला तीन घरी पोळ्या लाटायला जायच्या. बोलायला फटकळ, मनाने त्याहून बऱ्या. नवऱ्याचं नाव कधी घ्यायच्या नाहीत, ‘आमचं हे’ म्हणायच्या. ते त्यांना ‘सरकार’ म्हणायचे आणि त्या रोज नव्याने चिडायच्या. एकुलती एक मुलगी ज्ञानेश्वरी कऱ्हाडला दिलेली.

तळमजल्यावर माझं औषधांचं दुकान आहे. गावठाणातल्या मुलींत फार्मसी केलेली मीच पहिली, त्यामुळे मला थोडी मिजास आहे. लोक डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात आणि मलाही ते आवडतं. ही मिजास आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण पुढे जे झालं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

पाठ तर टोळीतल्या प्रत्येकाचीच दुखायची. मार्केटच्या गेटबाहेर दर गुरुवारी एक वैदू बसायचा, तो पाठदुखीवर पुड्या द्यायचा. तपकिरी रंगाची भुकटी, मधातून घ्यायची. बाबासोंनी ती सुरू केली आणि दोन दिवसांत पाठ गप्प झाली. भूक वाढली, झोप कमी लागायची पण थकवा येत नव्हता. वर्षभरात चेहरा गोल झाला, पोट सुटलं. गावी गेले की लोक म्हणायचे, मुंबईचं पाणी मानवलं. इकडे माझी आई, काशी तिचं नाव, ओट्यावर बसून त्यांना येताजाता बघायची. एकदा मला म्हणाली, "नमिता, त्या मानसाचा तोंड बग. सुजलाय तो. ही तब्येत नाय हाय."

आई चौथी शिकलेली, पण तिला जे दिसलं ते मला आधी दिसायला हवं होतं. मी एकदा काउंटरवरून बाबासोंना म्हटलं की काका, पुडीत काय आहे माहीत नसताना घेऊ नका. ते हसले. "ताई, पुडीत काय हाय ते ठावं न्हाई, पन पाठीत काय हाय ते मला ठावं हाय." ते सहा वर्षं पुडी घेत राहिले.

मग लॉकडाऊन आला. मार्केट कसंबसं चालू राहिलं, वैदू मात्र यायचा बंद झाला. घरातल्या पुड्या संपल्या आणि आठ-दहा दिवसांत बाबासो आडवे झाले. उलट्या, अंगात त्राण नाही, उठून बसवलं की डोळे पांढरे. ते दिवसच असे होते की सगळ्यांनी एकच ठरवलं. मजल्यावरची दारं पटापट लागली. मीही तोंडाला मास्क लावून अर्ध्या जिन्यात उभी राहिले आणि तिथूनच शकुबाईंना सूचना देत राहिले. त्याची मला लाज वाटते. शकुबाई एकट्या त्यांना धरून बसल्या होत्या.

कोरोनाची तपासणी निगेटिव्ह आली. इस्पितळात एक मोठ्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी चेहरा बघितला, दंडावरचे निळे डाग बघितले आणि विचारलं, इतकी वर्षं काय घेत होतात? शकुबाईंनी पुडीचा कागद दाखवला. रक्त तपासलं आणि उलगडा झाला. पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं होतं. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज शरीराला लागेल तेवढं एक द्रव्य बनवतात, आजारपणात जास्त बनवतात. त्याच्याशिवाय रक्तदाब टिकत नाही, माणूस उभा राहत नाही. सहा वर्षं ते बाहेरून आयतं मिळाल्यावर बाबासोंच्या ग्रंथींनी काम सोडून दिलं होतं. पुडी अचानक बंद झाली आणि ग्रंथी काही जाग्या झाल्या नाहीत. जाग्या होतील, वर्षभरात होतील, कदाचित कधीच होणार नाहीत, असं बाई म्हणाल्या. तोवर तेच द्रव्य गोळीतून घ्यायचं. दिवसातून तीनदा, एकही चुकवायची नाही. ताप आला तर दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर वाट बघायची नाही, तिथल्या तिथे मांडीत इंजेक्शन आणि मग दवाखाना. उशीर झाला तर माणूस जातो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

एवढं सगळं नीट समजावून बाई शेवटी म्हणाल्या की ही गोळीसुद्धा स्टिरॉइडच आहे. बोलल्या ते खरंच होतं. पण पुडीत स्टिरॉइड होतं म्हणून नवरा मरता मरता वाचला, हे शकुबाईंनी पाच मिनिटांपूर्वी ऐकलं होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्यांची पाकिटं खिडकीतून खालच्या गटारात टाकली. मला कळलं ते बाबासो पुन्हा उठेनासे झाले तेव्हा. मी धावत वर गेले. शकुबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ज्या इखानं वाटूळं केलं तेच पुन्हा माझ्या हातनं घालू व्हय? त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता. निदान मला तसं वाटलं. मी खाली आले, दुकानातून त्याच गोळ्या काढल्या, कात्रीने नावाचा भाग कापला आणि वर जाऊन म्हटलं की काकी, ती स्टिरॉइडची गोळी डॉक्टरांनी बंद केलीय. ही वेगळी आहे. ही ताकदीची गोळी.

शकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी स्वतःच्या हाताने गोळी नवऱ्याच्या तोंडात घातली आणि संध्याकाळी बाबासो चहा मागत होते.

बाबासोंना खरं माहीत होतं. मी त्यांना कोपऱ्यात गाठून सांगितलं तर ते खुशीत म्हणाले, झ्याक केलंत, न्हाईतर सरकार काय ऐकत न्हाईत. मी ठरवलं होतं की महिनाभराने शांतपणे बसून शकुबाईंना सगळं सांगायचं. महिना झाला, मग दिवाळी आली, मग वाटलं, कशाला? सुरळीत चाललंय. त्यांना ते लांबलचक इंग्रजी नाव कशाला हवं? ‘ताकदीची गोळी’ हे नाव आमच्या तिघांत इतकं रुळलं की मीसुद्धा बिल करताना तोंडाने तेच म्हणायचे.

गोळीचं झालं तसं इंजेक्शनचं झालं. ते ताकदीचं इंजेक्शन. त्यासाठी ज्ञानेश्वरीचा शाळेतला स्टीलचा डबा शकुबाईंनी घासून पुसून काढला. त्यात औषधाच्या भुकटीची बाटली, ती कालवायच्या पाण्याची कुपी, सिरिंज, सुया, कापूस आणि डॉक्टरीण बाईंनी इंग्रजीत लिहून दिलेलं पत्र: या माणसाला काय आजार आहे, कोसळला तर आधी काय द्यायचं. शकुबाई आधी सुईला हात लावायला तयार नव्हत्या. बाबासोंनी मार्केटातून मोठे बटाटे आणले आणि मी त्यांना बटाट्यावर शिकवलं. बाटलीत पाणी सोडायचं, हलवायचं, ओढून घ्यायचं, सरळ आत. बटाट्याला मांडी समजा म्हटलं तर म्हणाल्या, ह्यांची मांडी एवढी मऊ न्हाई. आठवडाभरात हात बसला. टोचलेले बटाटे टाकून देणं त्यांना पटत नव्हतं, साधं पाणीच तर होतं, म्हणून त्यांनी त्यांचा रस्सा केला आणि एक वाटी मलाही पाठवली.

ते शिकणं वाया गेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात बाबासोंना सणकून ताप आला, उलट्या सुरू झाल्या. शकुबाईंनी डबा उघडला, मांडीत इंजेक्शन दिलं आणि मगच रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत बाबासो रिक्षावाल्याला रस्ता सांगत होते. त्या दिवसापासून त्या डब्याला देवघराशेजारी जागा मिळाली. आजूबाजूच्या बायकांना त्या सांगायच्या, मी सुईनं मानूस उठवला. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की मलाही अभिमान वाटायचा, आणि तोही बराचसा माझा स्वतःचाच.

पण ताकद हा शब्द मोठा लबाड आहे. गावी जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी शकुबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ह्यांना जरा थकल्यासारकं झालंय, परवास लांबचा, तर एक ताकदीचं देऊन ठिवू का? मी घाबरले. उद्या या उठसूट सुई टोचत बसतील असं वाटलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं की काकी, बसा, हे ताकदीबिकदीचं नाही. त्याऐवजी मी एक नियम करून दिला. उलट्या झाल्या किंवा शुद्ध हरपली तरच द्यायचं, आणि एकदा दिलं की पुन्हा द्यायचं नाही. कुणी दिलं असेल तर आपण वरून द्यायचं नाही. खरं म्हणजे दोनदा गेलं असतं तरी काही बिघडलं नसतं. हे मला माहीत होतं. पण नियम सोपा असला की लोक पाळतात, असं माझं दुकानदारी शहाणपण.

बाबासोंच्या ग्रंथी जाग्या झाल्याच नाहीत. गोण्या उचलणं सुटलं. टोळीने त्यांना सोडलं नाही. फाटक्या गोण्या शिवायचं काम त्यांच्याकडे दिलं. दाभण आणि सुतळी घेऊन ते गाळ्याच्या कोपऱ्यात बसायचे आणि ज्यांना त्यांनी गोणी पेलायला शिकवली ती माणसं समोरून ओझी घेऊन जायची. टोळीत त्यांनी फक्त ‘बीपीचा त्रास’ एवढंच सांगितलं होतं. स्टिरॉइड म्हटलं तर जिममधल्या पोरांसारखं काहीतरी घेतलं म्हणतील आणि पुडी म्हटलं तर हसतील, कारण पुडी निम्म्या टोळीने घेतली होती आणि आडवे पडले ते एकटे. एकदा गोळ्या न्यायला आले असताना दुकानात कुणी नव्हतं. म्हणाले, "ताई, आज पोरं मला म्हनली, काका उठू नका, पानी आमी आनतो." आणि एवढा मोठा माणूस माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडला. मी त्यांना पाणीच दिलं, आणि दिल्यावर कळलं की काय करून बसले.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. बुधवार होता. मोऱ्याला, मावशीच्या गावी, तिच्या नातीचा साखरपुडा होता, म्हणून मी दुकान बंद ठेवून सकाळीच गेले होते. इकडे बाबासोंना आदल्या रात्रीपासून जुलाब होत होते. शकुबाईंना कामाला जायचं असतं, उगाच खाडा होईल, म्हणून ते काही बोलले नाहीत. सकाळची गोळी घेऊन ते तुर्भ्याला गेले आणि मार्केटात पोचताच ती गोळी उलटून पडली. दोन तास तसेच शिवत बसले. दहाच्या सुमाराला दाभण हातातून गळालं आणि ते गोण्यांच्या थप्पीवर कलंडले. धनाजींनी त्यांना उचललं आणि रस्त्यापलीकडच्या एका लहानशा दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी माहीत होतं ते सांगितलं: बीपीचा पेशंट आहे, अशक्तपणा आहे, सकाळपासून उलट्या. मग शकुबाईंना फोन केला.

शकुबाई पोळ्यांची परात तशीच टाकून निघाल्या. आधी घरी आल्या, डबा घेतला, रिक्षा केली. वाटेत त्यांनी सिरिंजचं वेष्टन फोडून ठेवलं होतं. पोचल्याबरोबर टोचायचं ह्या तयारीने त्या आत गेल्या तेव्हा बाबासोंच्या हाताला सलाईन लागलेलं होतं. पिवळ्या रंगाची बाटली. त्यांनी तरुण डॉक्टरला विचारलं, "ह्यांना ताकदीचं इंजेक्शन दिलं का?"

"ताकदीचंच चालू आहे, मावशी," डॉक्टर म्हणाला आणि बाटलीकडे बोट केलं.

त्याने खोटं सांगितलं नव्हतं. अशक्त माणसाला सलाईनमधून जीवनसत्त्वांचं पिवळं इंजेक्शन देतात, त्याला आपल्याकडे सगळे ताकदीची बाटलीच म्हणतात. गावोगावचे लोक दवाखान्यात जाऊन ती मागून घेतात. त्या बाईने विचारलं आणि त्याने उत्तर दिलं. शकुबाई स्टुलावर बसल्या. डबा त्यांच्या मांडीवर होता. एकदा दिलंय म्हटल्यावर वरून द्यायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता. डबा त्यांनी उघडला नाही आणि डब्यातलं पत्रही त्यामुळे कुणी वाचलं नाही.

मग त्यांनी मला फोन केला. मोऱ्याला मांडवात बँजो चालू होता, मी एका कानात बोट घालून ऐकत होते. त्या म्हणाल्या की ह्यांना उलट्या झाल्या, दवाखान्यात आणलंय, डाक्टरनं ताकदीचं दिलंय. ताकदीचं दिलंय, हे मी नीट ऐकलं. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या डब्यातली बाटली आली, कारण आमच्या तिघांत त्या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता. मी म्हटलं, "बरं झालं काकी. मग आता काळजी नाही. मी संध्याकाळपर्यंत येतेच." आणि जाऊन पंगतीला बसले. कोणती बाटली, काय नाव, एवढं विचारायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी दोन वेळा भात घेतला हे मला आठवतं.

सलाईनने थोडा वेळ बरं वाटलं. बाबासोंनी डोळे उघडले, शकुबाईंना ओळखलं. पोळ्या टाकून आलीस व्हय, असं काहीतरी म्हणाले. दीडनंतर रक्तदाब पडत गेला. डॉक्टर घाबरला, मोठ्या इस्पितळात हलवा म्हणाला, गाडी मागवली. तुर्भ्याच्या पुलाखाली ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली होती, तिथेच ते गेले.

मी पाचला पोचले तेव्हा घरापुढे टोळीची सगळी माणसं उभी होती. मला प्रथम खरंच कळेना की इंजेक्शन देऊनही माणूस कसा गेला. दुसऱ्या दिवशी मी त्या दवाखान्यात गेले आणि केसपेपर बघायला मागितला. डॉक्टरने मुकाट्याने दिला. एका ओळीत सलाईन, पुढे जीवनसत्त्वं, पुढे उलटीचं औषध, पुढे ॲसिडिटीचं. आमच्या औषधाचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. कागद परत देताना टेबलावरचा ट्रे दिसला. त्यात लहान बाटल्यांच्या ओळीत आमच्या औषधाची एक बाटली होती. ते औषध कुठल्याही दवाखान्यात असतं, दम्याच्या माणसाला लागतं, ॲलर्जीला लागतं. बाबासोंपासून ते चार हातांवर पडून होतं. मी त्या पोरावर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने विचारलं, मॅडम, त्यांना काय होतं? मी सांगितलं. तो खाली बसला आणि म्हणाला, मला कुणी एक शब्द बोललं असतं तर.

शकुबाई दिवसपाण्यासाठी गावी गेल्या त्या महिन्याने परतल्या. त्या महिन्यात मी एक दिवस धड झोपले नाही. एका दुपारी त्या खाली आल्या. स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, दुसऱ्या कुनाला लागंल. बाटलीची तारीख अजून गेली नव्हती, तेही त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. मी त्यांना आत बसवलं. कपाळ मोकळं होतं, पण चेहरा मला वाटलं त्यापेक्षा शांत होता.

"लेकीला बी म्हनले मी," त्या म्हणाल्या. "आपल्याकडनं कायबी ऱ्हायलं न्हाई. मी जायच्या आदीच डाक्टरनं ताकदीचं लावलं हुतं. तुमास्नी फोन केला, तुमीबी म्हनलात काळजी न्हाई. येळंवर सगळं झालं. तेवढंच आयुष्य हुतं म्हनायचं. न्हाईतर जल्मभर मनाला लागून ऱ्हायलं असतं."

मी गप्प बसायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. त्यांच्याजवळ एवढं एकच समाधान उरलं होतं. पण त्या ते माझ्यापुढे ठेवत होत्या, माझ्या नावासकट, आणि मला ते सोसेना. मी म्हटलं, "काकी, ते आपलं इंजेक्शन नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. पिवळी बाटली काय होती ते, केसपेपरवर काय होतं ते. पहिल्या दिवशी कात्रीने कापलेलं नाव, ती गोळी तीच होती हे. एकदा दिलं की पुन्हा नाही हा नियम मी मनानेच केला होता, हेही. सांगताना मी रडत होते आणि त्या रडत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, पोळी करपली का ते बघावं तशा, काळजीपूर्वक.

"म्हंजी डबा माझ्या मांडीवर हुता," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तुमची काही चूक नाही. चूक माझी. तुम्ही गोळ्या गटारात टाकल्यात म्हणून मी घाबरून नाव लपवलं.

"टाकल्या. तवा पुन्यांदाबी टाकल्या असत्या." "पन मागनं सांगायचं हुतं, ताई. पाच वरसं हुती."

खरं होतं. बाहेर कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला आलं, मी नंतर या म्हटलं. शकुबाई तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर, बोटं अर्धवट उघडी. मग त्यांनी विचारलं की त्या औषधाचं खरं नाव काय.

"हायड्रोकॉर्टिसोन," मी म्हटलं.

त्यांनी ओठ हलवून बघितले. मग तुकडे तुकडे करून म्हणाल्या, हायड्रो, कॉर्टि, सोन. पुन्हा एकदा म्हणाल्या, या वेळी सलग, न अडखळता, माझ्याइतकं स्पष्ट. आणि माझ्याकडे वळल्या.

"येतंय की मला म्हनायला," शकुबाई म्हणाल्या.